मांस प्रक्रिया कारखाना बंद पडतो तेव्हा सरकारने नेमकं काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: परिसरातला एकमेव मोठा मांस प्रक्रिया कारखाना बंद होतोय, कामगार आणि पशुपालक दोघेही हवालदिल आहेत, तर सरकारने तो ताब्यात घ्यावा, मालकाला अनुदान देऊन थोपवावं, की धंद्यातला चढउतार म्हणून सोडून द्यावं? शिवाय शेवटी तुम्ही विचारलंय की पशुपालकांनी मिळून तो सहकारी तत्त्वावर चालवायला घेतला तर जमेल का.

माझ्या नोकरीची सुरुवातीची वर्षं मांस तपासणीत गेली. कत्तलीआधी जनावर आणि कत्तलीनंतर धड तपासून शिक्का मारायचा, हे काम. पुढची बरीच वर्षं कारखान्यांचे परवाने, विस्ताराचे अर्ज आणि बंद होण्याची कागदपत्रं हाताळण्यात गेली. त्यावरून सांगतो, तुमच्या तीन पर्यायांपैकी एकही सरसकट लागू पडत नाही. कारखाना बंद होणार म्हटलं की सगळ्यांचं लक्ष फाटकाकडे जातं आणि फाटक उघडं ठेवा एवढीच मागणी उरते. मंत्री, खासदार, अधिकारी मालकाच्या मिनतवाऱ्या करत बसतात. त्यात जे महिने जातात, त्या महिन्यांत ज्या गोष्टींकडे सरकारशिवाय दुसरं कुणी बघणारच नसतं त्या राहून जातात: शेडमध्ये वाढत असलेली जनावरं, पशुपालकांची अडकलेली बिलं, कामगारांची दुखणी, गावाचं सांडपाणी केंद्र, आणि मागे उरणारी ती अवाढव्य इमारत. सरकारचं पहिलं काम तिथे आहे. कारखाना वाचवायचा की नाही हा विषय त्यानंतरचा, आणि तोही बंद पडण्याचं कारण हातात आल्यावर.

कारण म्हणजे कंपनीच्या प्रसिद्धीपत्रकातलं कारण नव्हे. 'बाजारातील परिस्थिती' आणि 'कार्यक्षमता' हे शब्द प्रत्येक पत्रकात असतात. मी तीन आकडे मागायचो: गेल्या पाच वर्षांत रोज किती जनावरं कापली, त्यासाठी ती किती लांबून आणावी लागली, आणि कारखान्याची क्षमता किती. या तिन्हींवरून बहुतेक गोष्ट कळते.

समजा जनावरंच कमी झाली आहेत. अमेरिकेत टेक्सासमधल्या प्लेनव्ह्यूचा, कारगिल नावाच्या कंपनीचा बीफ कारखाना २०१३ मध्ये बंद झाला. सुमारे २,००० माणसं कामाला होती. दुष्काळात चारा गेला, पशुपालकांनी गायी विकल्या आणि कापायला जनावरंच पुरेनात. न्यूझीलंडमध्ये टिमारूजवळचा स्मिथफील्ड कारखाना २०२४ मध्ये बंद झाला, सुमारे ६०० कामगार. तिथली कंपनी अलायन्स ही तर पशुपालकांच्याच मालकीची सहकारी संस्था. पण ज्या देशात १९८२ च्या सुमारास ७ कोटी मेंढ्या होत्या तिथे आज अडीच कोटींच्या आत आहेत. कुरणांवर दुग्धव्यवसाय आला, झाडं लागली. अमेरिकेत नेब्रास्कातल्या लेक्सिंग्टनचा, टायसन या मोठ्या मांस कंपनीचा कारखाना बंद करण्याची घोषणा नोव्हेंबर २०२५ मध्ये झाली. गावची वस्ती ११,००० च्या आसपास आणि कारखान्यात ३,००० हून जास्त माणसं. अमेरिकेतल्या गुरांची संख्या तेव्हा १९५१ नंतरच्या नीचांकावर होती.

अशा ठिकाणी अनुदान देऊन काय होतं? कारखाना जास्त भाव देऊन शेजारच्या जिल्ह्यातली जनावरं ओढतो आणि दोन वर्षांनी शेजारचा कारखाना बंद पडतो. सरकारने पैसे मोजून फक्त बंद पडणाऱ्या गावाचं नाव बदललं, एवढाच त्याचा अर्थ. गाय पुन्हा कळपात येऊन तिचं वासरू कापायच्या वजनाला पोचायला दोन-तीन वर्षं लागतात. ती कुठल्याही अध्यादेशाने लवकर येत नाही.

दुसरं कारण भूगोलाचं. पॅरिसच्या ला व्हिलेतचं उदाहरण प्रत्येक नियोजन अधिकाऱ्याला सक्तीने वाचायला द्यावं असं मला वाटतं. शहरातला जुना कत्तलखाना मोडकळीला आला म्हणून १९६० च्या दशकात तिथेच नवा, प्रचंड, आधुनिक कत्तलखाना बांधायला घेतला. त्याच काळात शीतवाहनं आली होती आणि जिवंत जनावर शहरात आणण्यापेक्षा जिथे ते वाढतं तिथेच कापून मांस आणणं स्वस्त झालं होतं. हे दिसत असूनही बांधकाम चालूच राहिलं, खर्च फुगत गेला, चौकशा लागल्या आणि १९७४ मध्ये सगळं बंद करावं लागलं. त्याच अर्धवट सांगाड्यात पुढे १९८६ मध्ये विज्ञान संग्रहालय उघडलं. संग्रहालय उत्तम आहे, ते वेगळं. शिकागोचे युनियन स्टॉकयार्ड्स १८६५ ते १९७१ चालले, तेही याच कारणाने गेले. महामार्ग झाले, ट्रक आले, आयोवात १९६० मध्ये सुरू झालेल्या आयबीपीसारख्या कंपन्यांनी कारखाना गुरांच्या दारात नेला आणि अख्खं धड पाठवण्याऐवजी कापलेलं मांस खोक्यात भरून पाठवायला सुरुवात केली. अशा लाटेपुढे सरकारी पैशाचा बांध टिकत नाही.

तिसरी तऱ्हा तात्पुरत्या अडचणीची, आणि इथे मात्र सरकारने घट्ट उभं राहायला हवं. ऑगस्ट २०१९ मध्ये कॅन्ससमधल्या होलकंबच्या टायसन कारखान्याला आग लागली. अमेरिकेतली सुमारे सहा टक्के गुरं त्या एका ठिकाणी कापली जात. कंपनीने पुन्हा उभारायचं लगेच जाहीर केलं, पूर्णवेळ कामगारांचा पगार चालू ठेवला आणि डिसेंबरमध्ये काम सुरू झालं. पण मधल्या काळात गुरांचा भाव पडला आणि खोक्यातल्या मांसाचा चढला. उत्पादकाला कमी, ग्राहकाला महाग, मधला फरक प्रक्रिया करणाऱ्यांच्या खिशात. कृषी खात्याने त्या फरकाची चौकशी केली. सरकारची भूमिका म्हणतात ती अशी: इमारत बांधायचं काम मालकाचं, पण त्या दरम्यान बाजारात कोण काय कमावतंय यावर नजर ठेवायचं काम दुसऱ्या कुणाचंच नाही.

आता तुमच्या 'सरकारने पैसे घालावेत का' याबद्दल. साउथ डकोटातल्या ॲबरडीन इथे नॉर्दर्न बीफ पॅकर्स नावाचा कारखाना उभा राहिला. दिवसाला १,५०० गुरं कापायची योजना. परदेशी गुंतवणूकदारांना व्हिसाच्या बदल्यात पैसे गुंतवायला लावणारी सरकारी योजना त्याच्या पाठीशी, राज्याचंही पाठबळ. २०१२ मध्ये काम सुरू झालं आणि जुलै २०१३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज. पुढे दुसऱ्या मालकाने तोच कारखाना चालवून दाखवला, म्हणजे यंत्रं वाईट नव्हती. भिंतींत पैसा ओतला आणि गुरं विकत घ्यायला खेळतं भांडवल उरलं नाही, हा या धंद्यातला नेहमीचा रोग आहे. त्यावर शेवटी येतो.

मुदतीच्या सूचनेबद्दल. अमेरिकेत १९८८ च्या कायद्याने १०० किंवा जास्त कामगार असलेल्या मालकाला कारखाना बंद करण्याआधी ६० दिवसांची सूचना द्यावी लागते. युरोपीय संघात सामूहिक कपातीची माहिती सरकारी यंत्रणेला आधी द्यावी लागते आणि त्यानंतर किमान ३० दिवस कपात अंमलात येत नाही. हे कायदे चांगले आहेत, पण ते पगारपत्रक समोर ठेवून लिहिलेले आहेत, गोठा समोर ठेवून नाहीत. डुकरीण गाभण राहिल्यापासून विते ती ११४ दिवसांनी, आणि पिल्लू कापायच्या वजनाला यायला आणखी साधारण सहा महिने. म्हणजे सूचना निघाली त्या दिवशी पुढच्या नऊ-दहा महिन्यांचा माल पोटात किंवा शेडमध्ये असतोच. साठ दिवसांत कामगाराला निदान नोकरी शोधायला लागता येतं. वराहपालकाला साठ दिवसांत गाभण डुकरिणीचं काही करता येत नाही. म्हणून माझं ठाम मत आहे की मांस प्रक्रियेसाठी सूचनेची मुदत जनावराच्या चक्रावर ठरवावी, आणि तेवढी देता येत नसेल तर मालकाने दुसऱ्या कारखान्यापर्यंतच्या वाहतुकीचा खर्च काही काळ उचलावा.

हे जनावराचं गणित लोकांच्या लक्षात येत नाही म्हणून थोडं तपशिलात सांगतो. एप्रिल २०२० मध्ये कोविडमुळे साउथ डकोटातला, स्मिथफील्ड या अमेरिकी कंपनीचा (वरचा न्यूझीलंडचा स्मिथफील्ड वेगळा) सू फॉल्स कारखाना बंद झाला. देशातलं चार-पाच टक्के डुकराचं मांस तिथून येत असे. मग एकामागून एक कारखाने बंद पडत गेले आणि महिनाअखेरीस अमेरिकेची डुक्कर-कत्तलीची क्षमता सुमारे ४० टक्क्यांनी घटली. डुक्कर त्या वयात रोज जवळपास एक किलो वाढतं. तीन आठवडे उशीर म्हणजे वीस किलो जास्त. आता कत्तलीची रांग ठरावीक मापाच्या धडासाठी बांधलेली असते: उकळत्या पाण्याची टाकी, केस काढायचं यंत्र, वरच्या रुळाची उंची. जनावर त्या मापाबाहेर गेलं की धड खाली घासतं, यंत्र अडतं, आणि कारखाना ते घ्यायला नकार देतो किंवा भाव पाडतो. दरम्यान मागची पिल्लं शेडमध्ये जागेसाठी थांबलेली. रांग एका टोकाला तुंबली की थेट विण्याच्या कोठीपर्यंत तुंबत जाते. त्या वर्षी निरोगी जनावरं शेतावरच मारून पुरावी लागली. २८ एप्रिलला राष्ट्राध्यक्षांनी संरक्षण उत्पादन कायद्याखाली कारखाने चालू ठेवायचा आदेश काढला. पण आदेशाने आजारी माणूस कामावर येत नाही. कामगारांमधली अंतरं, पडदे, तपासण्या या गोष्टी आल्या तेव्हा रांगा हळूहळू हलल्या.

म्हणून बंदची सूचना येताच पशुसंवर्धन खात्याने पहिल्या आठवड्यात एक यादी करायला हवी: कुणाकडे किती जनावरं, कोणत्या वयाची, कधी वजनाला येणार. त्या यादीवरून इतर कारखान्यांशी जादा पाळ्यांचं बोलणं करायचं. जादा पाळी म्हणजे जादा तपासनीस, आणि तपासनीस सरकारचे. तपासणीचा ओव्हरटाइम सरकारने स्वतः सोसला तर शेजारचा कारखाना शनिवारी चालायला बऱ्याचदा तयार होतो. मी पाहिलेल्या मदतींमध्ये सर्वात स्वस्तात पडणारी आणि सर्वात लवकर उपयोगी येणारी मदत ही.

कंत्राटी कुक्कुटपालकांचं दुखणं वेगळं. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, शेड आणि शेडवरचं कर्ज मात्र शेतकऱ्याचं. कारखाना गेला की पिल्लं येणं थांबतं, हप्ता थांबत नाही. २०२३ मध्ये टायसनने अमेरिकेत अर्धा डझन कोंबडी कारखाने बंद केले. त्यातल्या मिझुरीतल्या नोएल गावाची वस्ती दोन हजारांच्या आसपास आणि कारखान्यात सुमारे १,५०० माणसं. त्याच राज्यातल्या डेक्स्टरचा कारखाना पुढे कॅल-मेन या अंडी कंपनीने घेतला. त्याआधी राज्याच्या महाधिवक्त्याने टायसनला पत्र लिहून बजावलं होतं की प्रतिस्पर्धी कंपनी घ्यायला तयार असेल तर तिलाही कारखाना विकला पाहिजे. अंड्यांचा धंदा आल्याने काही जणांच्या शेडना काम मिळालं, पण ब्रॉयलरची शेड अंड्यांसाठी बदलायलाही पुन्हा पैसा लागतोच. इथे सरकारने करण्यासारखं म्हणजे कर्जाची फेररचना, आणि पुढच्या काळासाठी असा नियम की कंत्राटाची मुदत शेडच्या कर्जाच्या मुदतीपेक्षा कमी असेल तर बँकेने आणि कंपनीने ते शेतकऱ्याला सहीआधी लेखी सांगावं.

आणि थकलेली बिलं. कारखाना दिवाळखोरीत गेला तर जनावर देऊन बसलेला शेतकरी रांगेत कुठे उभा राहतो? बहुतेक ठिकाणी बँकेच्या मागे. १९७५ मध्ये अमेरिकन बीफ पॅकर्स ही कंपनी बुडाली तेव्हा नेमकं असंच झालं. गुरं कापून, मांस विकून झालं होतं, आणि मालावर पहिला हक्क सावकाराचा निघाला. त्यानंतर १९७६ मध्ये १९२१ च्या पॅकर्स अँड स्टॉकयार्ड्स कायद्यात दुरुस्ती झाली. गुरांचे पैसे पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत द्यायचे, मोठ्या खरेदीदाराने हमी ठेवायची, आणि गुरांपासून तयार झालेला माल व त्याची येणी शेतकऱ्याचे पैसे फिटेपर्यंत त्याच्यासाठी विश्वस्त निधी म्हणून धरायची. तुमच्याकडे अशी तरतूद आहे का, हे कारखाना चालू असतानाच तपासा. बंद झाल्यावर तपासून उपयोग नाही.

कामगारांविषयी बरंच लिहिलं जातं, त्यामुळे मी एकच अभ्यास आणि एकच सूचना सांगतो. न्यूझीलंडमध्ये हॉक्स बे भागात दोन मोठे कारखाने जवळजवळ होते, व्हाकाटू आणि टोमोआना. जादा क्षमता कमी करायची म्हणून व्हाकाटू १९८६ मध्ये बंद केला, टोमोआना १९९४ पर्यंत चालला. एकाच भागातली, एकाच प्रकारचं काम करणारी माणसं. एका गटाची नोकरी गेली, दुसऱ्याची राहिली. संशोधकांनी दोन्ही गटांच्या आठ वर्षांच्या आरोग्याच्या नोंदी पडताळल्या. नोकरी गेलेल्यांमध्ये स्वतःला गंभीर इजा करून घेऊन रुग्णालयात दाखल होण्याचं किंवा मरण्याचं प्रमाण सुमारे अडीच पट निघालं. म्हणजे नोकरी मेळावा भरवून आणि अर्ज कसा लिहावा याचा वर्ग घेऊन सरकारची जबाबदारी संपत नाही. मानसिक आरोग्याची सोय बंद होण्याच्या दिवशी गावात हवी आणि ती वर्षानुवर्षं टिकायला हवी.

सूचना अशी की बंद होण्याआधी, कारखान्याचा दवाखाना आणि नोंदी जागेवर असतानाच, प्रत्येक कामगाराची वैद्यकीय तपासणी करून घ्या. सुरी धरून दिवसाला हजारो वेळा तीच हालचाल केलेल्या माणसाचं मनगट आणि खांदा आधीच गेलेला असतो. तो गोळ्या खाऊन रेटत असतो, कारण तक्रार केली तर पाळी जाईल ही भीती. नोकरी गेल्यावर तो दुसरीकडे जातो, तिथल्या तपासणीत नापास होतो, आणि तोवर जुन्या कंपनीवर भरपाईचा दावा लावायची मुदत उलटून गेलेली असते. शिवाय या धंद्यात परदेशातून आलेले, निर्वासित, वेगवेगळ्या भाषा बोलणारे लोक जगभर मोठ्या संख्येने असतात. काहींचा व्हिसा त्या एका मालकाशी बांधलेला, काहींची खोलीसुद्धा मालकाची. बेरोजगार भत्त्याचा अर्ज त्यांना वाचता येईल अशा भाषेत नसेल तर तो भत्ता कागदावरच राहतो. आयोवातल्या पोस्टव्हिलमध्ये मे २००८ च्या छाप्यात ३८९ कामगार धरले गेले आणि त्याच वर्षी कारखाना दिवाळखोरीत गेला. जेमतेम दोन-अडीच हजार वस्तीचं गाव, घरभाडं देणारे, दुकानदार, शाळा सगळेच कोलमडले. कायदा मोडला होता हे खरंच, पण छापा घालणाऱ्या सरकारकडे दुसऱ्या दिवशी गावाचं काय करायचं याचा विचार नव्हता.

आता सांडपाणी. हा विषय कुणाला आवडत नाही, म्हणून मी त्यावर जरा जास्त बोलतो. कत्तलखान्याच्या सांडपाण्यात रक्त, चरबी, शेणगाळ असतो. घरगुती सांडपाण्याच्या कितीतरी पट सेंद्रिय भार. छोट्या गावाचं सांडपाणी केंद्र अनेकदा या एका गिऱ्हाइकासाठीच मोठं बांधलेलं असतं आणि त्याचं कर्ज वीस-तीस वर्षांचं असतं. कारखाना बंद झाला की दोन गोष्टी एकाच वेळी होतात. केंद्राच्या टाकीतले जिवाणू, ज्यांना रोज भरपूर खाद्य मिळत होतं, ते उपाशी मरू लागतात आणि पाणी नीट शुद्ध होईनासं होतं, कारण टाक्या आता गावाच्या मानाने फार मोठ्या आहेत. आणि केंद्राच्या उत्पन्नातला मोठा वाटा गेल्याने कर्जाचा हप्ता उरलेल्या घरांवर पडतो. ज्यांची नोकरी नुकतीच गेली त्यांचंच पाणीबिल वाढतं. वरच्या सरकारने इथे हप्त्याला मुदतवाढ द्यावी, काही टाक्या बंद ठेवायची तांत्रिक परवानगी लवकर द्यावी. कारखाना नव्याने येत असेल तेव्हाच्या करारात मात्र एक कलम हवंच: कर्ज फिटायच्या आत गेलात तर उरलेली रक्कम भरून जायचं. तेव्हा गावकरी इतके खूश असतात की असं कलम कुणी मागत नाही.

इमारतीबद्दल, आणि इथे वेळेला फार किंमत आहे. रिकामा कारखाना दोन प्रकारे ठेवता येतो. एक, वीज चालू, शीतयंत्रणा कमी ताकदीवर, एक-दोन तंत्रज्ञ हजर. दोन, सगळं बंद करून कुलूप. दुसऱ्यात वीजबिल वाचतं आणि इमारत जाते. शीतगृह एकदम गरम होऊ दिलं की भिंतींच्या पॅनेलचे सांधे उघडतात, आतल्या इन्सुलेशनमध्ये पाणी शिरतं, फरशी फुगते, बुरशी धरते. मी हाताळलेल्या एका प्रकरणात खरेदीदार बाकी सगळ्यावर राजी होता, पण शीतगृहाची फरशी पाहून परत गेला. तेवढ्या दुरुस्तीत त्याला नवीन बांधून मिळत होतं. शीतयंत्रणेत अमोनिया असतो, तोही तसाच सोडून जाता येत नाही. तो तज्ज्ञाकडून काढून घ्यावा लागतो, नाहीतर निर्जन इमारतीत गळती झाली तर कळणार कुणाला?

परवान्यांचंही तसंच. तपासणी मंजुरीचा क्रमांक, सांडपाणी सोडायची परवानगी, हवेची परवानगी हे सगळं मालकाने परत केलं किंवा मुदत संपू दिली की नव्या खरेदीदाराला शून्यापासून अर्ज करावा लागतो, आणि आजच्या निकषांवर तीच जागा कदाचित मंजूर होणारही नाही. सरकारने ठरावीक काळ परवाने गोठवून जिवंत ठेवले तर त्याला एक पैसा खर्च येत नाही. आणखी एक गोष्ट खरेदीखतात बघा. जुना मालक 'या जागेवर मांस प्रक्रिया करायची नाही' अशी अट घालून विकतो. त्याला स्पर्धा नको असते, इथली जनावरं त्याच्याच दुसऱ्या कारखान्याकडे वळवायची असतात. स्पर्धा कायदा राबवणाऱ्या यंत्रणेने अशी अट रद्द करायला हवी, विशेषतः त्या कंपनीने पूर्वी सरकारी सवलत घेतली असेल तर.

कुणीच घेणारं नसेल तर साफसफाईचे पैसे मालकाकडून आधीच वसूल व्हायला हवेत. न्यूझीलंडमधल्या पाटेआचा कारखाना १९८२ मध्ये बंद पडला. सांगाडा पाव शतक तसाच उभा राहिला, २००८ मध्ये त्याला आग लागली आणि ॲस्बेस्टॉसची भीती गावावर पसरली. याउलट सिडनीचा होमबुशचा सरकारी कत्तलखाना १९८८ मध्ये बंद झाला आणि ती जमीन २००० च्या ऑलिंपिकच्या मैदानांसाठी वापरली गेली. अर्थात ती महानगरातली जमीन होती. दूरच्या गावाला कुणी ऑलिंपिक देत नाही.

आतापर्यंतचं सगळं मोठ्या कारखान्यांचं. छोट्या कत्तलखान्यांची गोष्ट उलटी आहे आणि तिथे मी अनुदानाच्या बाजूचा आहे. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात सुमारे २,५०० कत्तलखाने होते, आता तीनशेच्याही आत. ते मागणी नसल्याने गेले नाहीत. १९९० च्या दशकात युरोपीय निकषांप्रमाणे बांधकाम बदलणं, १९९६ च्या बीएसई (गुरांच्या मेंदूचा रोग, 'मॅड काऊ') संकटानंतर मेंदू-मणक्यासारखे भाग वेगळे काढून नष्ट करण्याचा खर्च, तपासणीचं शुल्क, आणि पूर्वी ज्या कातड्यांचे पैसे मिळत त्यांना कुणी विचारेना: हा सगळा स्थिर खर्च आठवड्याला पन्नास जनावरं कापणाऱ्यावर आणि पाच हजार कापणाऱ्यावर सारखाच येऊन पडला. तिथल्या सरकारने तपासणी शुल्कावरच्या २००० च्या मॅक्लीन अहवालानंतर छोट्यांसाठी तासांऐवजी जनावरामागे शुल्क लावलं. इंग्लंडमध्ये २०२३ च्या अखेरीस छोट्या कत्तलखान्यांसाठी ४० लाख पौंडांचा निधी काढला. रक्कम किरकोळ आहे, दिशा बरोबर आहे. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवरचा कत्तलखाना २०१८ मध्ये बंद पडला तेव्हा बेटावरच्या जनावराला कापण्यासाठी बोटीने मुख्य भूमीवर नेणं आलं आणि मांस परत आणणं आलं. बेटाचं नाव लावून मांस विकणाऱ्या छोट्या पशुपालकाचा धंदा अशाने बसतो. मोठ्या कारखान्याला त्याचं एक जनावर वेगळं कापून, वेगळं बांधून परत देण्यात काही रस नसतो.

फिरता कत्तलखाना हा यावरचा एक उपाय म्हणून सुचवला जातो. अमेरिकेत संघीय तपासणीखालचा असा पहिला ट्रक २००२ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या सॅन वान बेटांवर एका शेतकरी सहकारी संस्थेने चालवला. चालतो, पण ट्रकमागे मांस थंड करून कापायला आणि बांधायला पक्की जागा लागतेच, आणि तपासनीसही ट्रकबरोबर फिरावा लागतो. तेवढं सरकारने दिलं तर बेटं आणि डोंगराळ भाग यांसाठी तो योग्य आहे.

मोठ्यांच्या बाबतीत मात्र सरकारने एक हिशेब मांडावा: क्षमता वाढवायची तर कापायला जनावरं असणार आहेत का. अमेरिकेत चारच कंपन्या कत्तलीसाठी खाद्य देऊन पोसलेल्या गुरांपैकी सुमारे ८५ टक्के कापतात. त्यामुळे एक फाटक बंद झालं की शेकडो मैलांत दुसरा गिऱ्हाईक राहत नाही. २०२२ मध्ये तिथल्या सरकारने स्वतंत्र प्रक्रिया उद्योगांसाठी १ अब्ज डॉलर जाहीर केले. कोविडच्या धक्क्यानंतर ते समजण्यासारखं होतं, पण तोवर गुरांची संख्या उतरणीला लागली होती. क्षमता वाढवण्याचा पैसा नेहमी टंचाई सुरू झाल्यावर येतो, असं माझं जुनं निरीक्षण आहे.

राहिला तुमचा सहकारी संस्थेचा प्रश्न. जमू शकतं, पण आधी हा हिशेब करा. जनावराचे पैसे तुम्ही सभासदाला दोन-चार दिवसांत देणार, आणि मांस घेणारा मोठा दुकानदार तुम्हाला तीन-चार आठवड्यांनी देणार. म्हणजे रोजच्या खरेदीच्या वीस-पंचवीस पट रोकड कायम अडकलेली. भागभांडवल गोळा करताना सगळे इमारतीची किंमत धरतात आणि ही रोकड विसरतात. सरकारकडे मागायचंच असेल तर इमारतीसाठी अनुदान मागू नका, या खेळत्या भांडवलाला कर्जहमी मागा. दुसरं, कातडं, चरबी, हाडं, रक्त घेणारा कोण हे लेखी ठरवा. हे घेणारा नसेल तर तेच तुमच्या खर्चात येतं, आणि या धंद्यात नफ्याची सगळी रेघ तेवढ्याच जाडीची असते. तिसरं, सभासदाने आपली ठरावीक जनावरं संस्थेलाच द्यायची हे बांधून घ्या, बाहेर भाव चढला तरी. इथेच बहुतेक संस्था फुटतात. आणि व्यवस्थापक बाहेरचा, कारखाना चालवलेला, तुमच्यापैकी कुणाचाही नातेवाईक नसलेला ठेवा. त्याला पगार चांगला द्यावा लागेल. सभेत त्यावर आरडाओरडा होईल, होऊ द्या.